गाडीशिवाय एव्हियाँ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडची सहल ठरवताना नकाशा पुढ्यात घेतला की लोझानच्या बरोब्बर समोर, तळ्यापलीकडे, फ्रान्सच्या काठावर एव्हियाँ दिसतं. मग पहिला प्रश्न येतो तो गाडीचा. भाड्याने घ्यावी लागेल का? अजिबात नको. हे गाव मोटारी येण्याआधीच नावारूपाला आलं. मुतखड्याने हैराण झालेले उमराव, राजघराण्यातली माणसं, हवापालटाला आलेली कुटुंबं, सगळी आगबोटीने नाहीतर आगगाडीने आली. धक्का, झरा, स्नानगृह आणि हॉटेलं त्यांच्याच पायांच्या हिशेबाने बांधली गेली. तळ्यालाच रस्ता समजा, बाकीचं आपोआप सुटत जातं. मी आईला घेऊन तिथे राहून आले आहे. परत आल्यावर ओळखीच्यांनी जे जे विचारलं, ते इथे एकत्र केलं आहे.

एव्हियाँ म्हणजे पाण्याच्या बाटलीवरचंच ना?

तेच. पूर्ण नाव एव्हियाँ-ले-बँ, आणि त्यातल्या ‘बँ’चा अर्थ स्नान. लेमाँ सरोवराच्या, म्हणजे आपण ज्याला जिनिव्हाचं तळं म्हणतो त्याच्या, दक्षिण काठावर ते वसलं आहे. १७८९ साली मार्की द लेसेर नावाच्या उमरावाला इथल्या एका बागेतल्या झऱ्याचं पाणी पिऊन मूत्रमार्गाच्या दुखण्यात आराम पडला, तिथून गावाची कीर्ती सुरू झाली. तेव्हा हा मुलूख फ्रान्सचा नव्हता. सव्हॉय प्रांत १८६० मध्ये फ्रान्सला मिळाला. रेल्वे १८८२ मध्ये आली. तारखा मुद्दाम दिल्या, कारण गावात फिरताना कोणती इमारत कुठे आणि का आहे हे त्यावरून उमगत जातं.

विमानाने कुठे उतरायचं?

जिनिव्हा सगळ्यात जवळ. विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे, सामान घेतलं की टॅक्सीच्या रांगेकडे वळण्याचं कारणच नाही. झुरिकला उतरलात तरी बिघडत नाही. तिथल्या विमानतळाखालून लोझानला थेट गाडी मिळते, साधारण अडीच तास लागतात.

जिनिव्हाहून बोट बरी की आगगाडी?

दोन वाटा आहेत आणि दोन्ही चांगल्या आहेत. पहिल्यांदा जात असाल तर मी बोटीचीच बाजू घेईन.

बोटीची वाट अशी. जिनिव्हा विमानतळावरून थेट लोझानची गाडी पकडायची, पाऊण तासाच्या आसपास लागतो. उजव्या हाताची खिडकी मिळाली तर तळं त्याच बाजूला असतं. लोझान स्टेशनच्या समोरूनच एम२ मेट्रो सुटते. ‘उशी’ असं लिहिलेल्या दिशेने बसायचं (उच्चार आपल्या डोक्याखालच्या उशीसारखाच, त्यामुळे विसरायची भीती नाही). ही मेट्रो रबरी टायरवर चालते आणि इतक्या तीव्र उतारावरून जाते की उभं असाल तर दांडा धरावाच लागतो. पाचेक मिनिटांत शेवटचं स्टेशन. वर आलात की समोर पाणी, झाडं आणि धक्का. तिथून सीजीएन कंपनीची बोट एव्हियाँला ३५ मिनिटांच्या आसपास नेते.

ती ३५ मिनिटं म्हणजे निव्वळ प्रवास आहे असं समजू नका. बोट धक्का सोडते तेव्हा मागे लाव्होचे द्राक्षमळे पायऱ्यांसारखे वर चढत जाताना दिसतात, पुढे दॉं दॉश हा २,२०० मीटरहून उंच कडा हळूहळू मोठा होत जातो. आम्ही गेलो तेव्हा आई सुरुवातीला आत काचेच्या मागे शाल घेऊन बसली होती. तळ्याच्या मध्यावर आल्यावर ती स्वतःहून उठली, डेकवरच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली आणि एव्हियाँच्या घरांच्या खिडक्या मोजता येईपर्यंत तिथून हलली नाही.

आगगाडीची वाट सामान जास्त असेल किंवा रात्री पोहोचणार असाल तर सोयीची. विमानतळावरून जिनिव्हाचं मुख्य स्टेशन कॉर्नाव्हाँ सात मिनिटांवर. तिथे लेमाँ एक्सप्रेसची एल१ ही गाडी पकडायची. ती आन्मास, तोनों करत थेट एव्हियाँला जाते आणि तिथेच संपते, म्हणजे उतरायचं स्टेशन चुकण्याचा प्रश्नच नाही. सव्वा तासाच्या आत-बाहेर लागतो. ही थेट सेवा १५ डिसेंबर २०१९ पासून सुरू झाली. त्याआधी जिनिव्हा आणि फ्रान्सच्या बाजूचं आन्मास यांना जोडणारा रुळांचा तुकडाच अपुरा होता. जुन्या प्रवासवर्णनांत ‘बस बदला, मग पुन्हा बदला’ असं वाचलं असेल तर ते आता विसरा.

आणि मोटारीने? लोझानहून तळ्याला पूर्वेकडून वळसा घालून सत्तरेक किलोमीटर होतात. बोट तेवढ्या वेळात एकदा जाऊन परतही येईल.

तिकिटांचं काय?

इथे लोक फसतात, म्हणून जरा सविस्तर.

जिनिव्हात हॉटेलात राहणाऱ्यांना शहराच्या वाहतुकीचं कार्ड मोफत मिळतं. ते जिनिव्हा परिसरापुरतंच चालतं. त्यावर लेमाँ एक्सप्रेसमध्ये बसून एव्हियाँपर्यंत गेलात तर सीमेपलीकडे तुम्ही विनातिकीट ठरता. मशीनवर एव्हियाँ हेच शेवटचं ठिकाण निवडून सीमेच्या दोन्ही बाजूंचं एकत्र तिकीट काढा.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर लोझान–एव्हियाँ बोट त्यात धरलेली असते. पास खिशात असताना वेगळे पैसे भरू नका. मात्र तोच पास आगगाडीने गेल्यास फ्रान्सच्या हद्दीत चालत नाही, पुढच्या टप्प्याचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पास घेतलेल्यांसाठी बोटीच्या बाजूने हे आणखी एक कारण.

तिकीट नेहमी चढण्याआधी. ‘आत टीसीकडून घेऊ’ हा आपला हिशेब इथे दंडाला निमंत्रण आहे.

पॅरिसहून येत असलो तर?

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून टीजीव्ही लिरिया ही वेगवान गाडी जिनिव्हाला तीन तास दहा मिनिटांच्या सुमाराला पोहोचवते, पुढे लेमाँ एक्सप्रेस. किंवा त्याच स्टेशनवरून लोझानची लिरिया पकडून पुढे बोट. सगळा प्रवास फ्रान्समधूनच करायचा असेल तर बेलगार्दला गाडी बदलण्याची वाटही आहे. मी लोझानची निवडेन. दिवसभर डब्यात बसून आल्यावर शेवटचा अर्धा तास उघड्या हवेत जातो.

सीमा ओलांडताना व्हिसा पुन्हा लागतो का? पैसे कोणते?

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात आहेत. त्यामुळे लोझानहून एव्हियाँला जाऊन परत आलात तर ती नवी एंट्री धरली जात नाही, सिंगल एंट्री व्हिसावरही चालतं. पासपोर्ट मात्र हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका, जवळच बाळगा. कागदपत्रांची तपासणी रोज होत नाही, पण धक्क्यावर कधीही होऊ शकते. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या जकात क्षेत्राबाहेर असल्यामुळे सामानही बघतात.

पैसे एव्हियाँमध्ये युरो, पलीकडे स्विस फ्रँक. कार्ड बहुतेक सगळीकडे चालतं. थोडे सुटे युरो बसमध्ये आणि बाजारात उपयोगी पडतात.

फोनचं सिम कोणतं घ्यावं?

हा प्रश्न प्रवासाचाच आहे, कारण हल्ली वेळापत्रक, तिकीट, नकाशा सगळं फोनमध्ये असतं. आम्ही निघण्याआधी एका दुकानातून ‘युरोपचं’ सिम घेतलं होतं. विकणाऱ्याने सगळे देश चालतील असं सांगितलं. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या रोमिंग व्यवस्थेत नाही, त्यामुळे पुष्कळ युरोपीय सिम तिथे चालत नाहीत किंवा वेगळे पैसे आकारतात, हे आम्हाला लोझानच्या प्लॅटफॉर्मवर कळलं. घेताना यादीत स्वित्झर्लंडचं नाव स्वतः डोळ्यांनी बघा.

एव्हियाँच्या काठावरही एक भानगड होते. समोरच्या किनाऱ्यावरच्या टॉवरचा सिग्नल पाण्यावरून इथपर्यंत येतो आणि फोन आपोआप स्विस नेटवर्क पकडतो. सेटिंगमध्ये जाऊन फ्रेंच नेटवर्क हाताने निवडून ठेवा.

सामान घेऊन हॉटेलपर्यंत कसं जायचं?

बोटीने आलात तर तुम्ही गावाच्या मध्यातच उतरता. कसिनो, नगरपालिका, काठावरची हॉटेलं सगळं सपाट रस्त्याने काही मिनिटांवर. चाकाची बॅग ओढत सहज जाता येतं.

रेल्वे स्टेशन गावाच्या पश्चिमेला, जरा उंचावर आहे. गावात उतरताना दहा-पंधरा मिनिटं उताराची चाल. परतताना तोच चढ आहे हे लक्षात ठेवून वेळ जास्त धरा, नाहीतर टॅक्सी किंवा बस. वरच्या अंगाला असलेली मोठी हॉटेलं आधी कळवल्यास पाहुण्यांना आणायची सोय करतात का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या.

गावात फिरायला काय?

पाय. आणि वर चढायला फ्युनिक्युलर, म्हणजे उतारावर दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे.

काठालगतचा फिरण्याचा रस्ता लांबलचक, सपाट आणि फुलांच्या ताटव्यांनी भरलेला आहे. त्याला समांतर आतल्या बाजूला र्‍यू नास्योनाल हा दुकानांचा रस्ता, तोही पायी चालणाऱ्यांचा. या दोहोंच्या मध्ये बघण्यासारखं जवळपास सगळं येतं. पाले ल्युमिएर ही १९०२ची स्नानगृहाची इमारत, आता तिथे चित्रप्रदर्शनं भरतात. तिच्या शेजारी व्हिला ल्युमिएर. सिनेमाचा शोध लावणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या वडिलांचा हा बंगला, आज त्यात नगरपालिका आहे. बंगल्यात नगरपालिका म्हटल्यावर आपण बाहेरूनच निघून जातो, तसं करू नका. कामकाजाच्या वेळात आतला जिना बघून यावा असा आहे.

फ्युनिक्युलर हा या गावातला माझा सगळ्यात आवडता भाग. गावकरी त्याला ‘एव्हियाँची छोटी मेट्रो’ म्हणतात. १९०७ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, काही वर्षांत तो वर नवसेलपर्यंत वाढवला. डोंगरउतारावरच्या बड्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना झऱ्यावर आणि धक्क्यावर उतरवून परत नेणं हे त्याचं काम. मोटारी आल्या, पाहुणे त्यांतून फिरू लागले आणि १९६९ मध्ये तो बंद पडला. ३३ वर्षं रूळ तसेच पडून होते. २००२ मध्ये गावाने तो पुन्हा सुरू केला, आणि प्रवास मोफत ठेवला. लाकडी डबे, उताराप्रमाणे पायऱ्यापायऱ्यांची बाकं, खालच्या स्टेशनात पांढऱ्या चकचकीत फरशांच्या भिंती. साधारण पाऊण किलोमीटरचा प्रवास आहे. चालतो मात्र फक्त हंगामात, वसंताच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत. वर जाऊन उतरताना पायी या. वाटेत घरांच्या फटींतून तळं वेगवेगळ्या उंचीवरून दिसत राहतं.

तो प्रसिद्ध झरा कुठे आहे? पाणी विकत घ्यावं लागतं का?

नाही! काशा झरा आव्हेन्यू दे सूर्स या रस्त्यावर आहे आणि तिथे कुणीही बाटली भरून घ्यावी. धक्क्यापासून पायी दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. गावची माणसं सायकलच्या टोपलीत, पिशवीत रिकाम्या बाटल्या घालून येतात, शांतपणे रांगेत उभी राहतात आणि भरून निघून जातात. आपल्याकडे आडावर पाणी भरतात तसंच, फक्त आवाज कमी.

हे पाणी मागच्या गावो पठारावर पाऊस आणि बर्फ होऊन पडतं, हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूच्या थरांमधून किमान १५ वर्षं झिरपत येतं आणि इथे ११.६ अंश सेल्सियसला बाहेर पडतं. बाटली भरताना हात गारठतो. आईने पहिली ओंजळ प्यायली आणि म्हणाली, “चव काहीच नाही गं.” चव नसणं हीच त्याची ओळख आहे, हे तिला दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या नळाचं पाणी प्यायल्यावर पटलं.

समोरची बुव्हेत काशा (बुव्हेत म्हणजे झऱ्याचं पाणी पिण्याची जागा) ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, काचेच्या घुमटाची लाकडी इमारत बाहेरूनच निरखली तरी डोळे निवतात.

म्हणजे गरम पाण्याची कुंडं नाहीत?

वज्रेश्वरीसारखं काही मनात धरून जाऊ नका. झरा थंड आहे. स्पामध्ये पाणी तापवून वापरतात. फ्रान्समध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा जलोपचार १८ दिवसांचा असतो, तो तिथल्या रहिवाशांसाठी. पाहुण्यांना काही तासांची, एखाद्या दिवसाची सत्रं मिळतात. जागा आधी राखून ठेवा, आणि बोटीची वेळ बघून राखा. स्पामधून धावतपळत धक्क्यावर येण्यात सगळा आराम वाया जातो.

एक सूचना पुरुषांसाठी. फ्रान्समधल्या तरणतलावांत सैल, गुडघ्यापर्यंतची चड्डी चालत नाही, अंगाबरोबर बसणारी लागते. बऱ्याच ठिकाणी टोपीही सक्तीची. दारातून परत फिरायची वेळ नको.

आई-वडिलांचे गुडघे दुखतात. झेपेल का?

झेपेल, थोडं बघून ठरवलं तर. मुक्काम काठाजवळ घ्या, वरच्या अंगाचा स्वस्त पर्याय दिसला तरी. काठावर दर थोड्या अंतराने बाकं आहेत. बोटीत चढायची फळी तळ्याच्या पातळीनुसार कमी-जास्त तिरकी होते, कर्मचारी हात द्यायला उभे असतात. ‘मादाम’ म्हणत त्यांनी आईचा हात धरला तेव्हा ती आधी बिचकली आणि मग परतीच्या वेळी स्वतःच हात पुढे केला. फ्युनिक्युलरच्या स्टेशनात पायऱ्या आहेत, तिथे घाई करू नका.

वारा सुटला तर बोट बंद होते का?

होऊ शकते. ईशान्येकडून येणारा ‘बीझ’ हा कोरडा, बोचरा वारा तळ्याच्या लांबीवरून वाहत येतो तेव्हा लाटा दगडी बंधाऱ्यावर चढतात आणि हिवाळ्यात बाकांवर, दिव्याच्या खांबांवर बर्फाचे थर बसतात. दोन्ही काठांवर इशाऱ्याचे नारिंगी दिवे आहेत. मिनिटाला ४० वेळा लुकलुकला तर जोराच्या वाऱ्याची शक्यता, ९० वेळा तर वादळ अगदी तोंडावर. हा इशारा छोट्या होड्यांसाठी असतो, पण तो दिसला की आपणही बोटीची खात्री करून घ्यावी.

बोट रद्द झाली तरी अडकून पडत नाही. एव्हियाँहून लेमाँ एक्सप्रेसने जिनिव्हा, तिथून लोझान. दोन तासांच्या वर जातात. म्हणून परतीचं विमान ज्या दिवशी आहे, त्या दिवशी शेवटच्या क्षणाच्या बोटीवर भिस्त ठेवू नका.

आजूबाजूला कुठे जाता येईल?

तोनों आगगाडीने दहा मिनिटांवर, तेही स्नानाचं गाव. धक्क्यापासून वरच्या गावात नेणारी त्याची फ्युनिक्युलर १८८८ची.

इव्वार हे तटबंदीचं मध्ययुगीन गाव फुलांसाठी ओळखलं जातं. तिथे रेल्वे नाही. उन्हाळ्यात बोट, एरवी तोनोंहून बस. स्विस काठावरच्या न्योंहून तर बोटीने फक्त २० मिनिटं, त्यामुळे ते परतीच्या वाटेवर ठेवलं तर उत्तम.

पूर्वेकडे सँ-जँगोल्फ, एकाच गावाचे दोन तुकडे, मधल्या मोर्ज ओढ्याच्या एका बाजूला फ्रान्स आणि दुसऱ्या बाजूला स्वित्झर्लंड. एव्हियाँच्या पुढे रूळ आहेत, पण नियमित प्रवासी गाडी १९३८ सालीच बंद झाली. त्यामुळे बस, किंवा हंगामात बोट. स्विस बाजूला मात्र रेल्वे स्टेशन आहे.

आणि गावालगतच प्रे क्युरिय ही पाणवनस्पतींची बाग. तिथे सौरऊर्जेवर चालणाऱ्या छोट्या होडीनेच जायचं, उन्हाळ्याच्या महिन्यांत, मार्गदर्शकासोबत. गाडी असलेल्यांनाही ती बाहेरच ठेवावी लागते.

हिवाळ्यात जावं का?

लोझानची बोट बाराही महिने चालते, कारण रोज कामाला पलीकडे जाणाऱ्या लोकांची ती लोकल आहे. सकाळ-संध्याकाळ फेऱ्या जास्त, दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी विरळ. फ्युनिक्युलर आणि प्रे क्युरिय बंद असतात. गाव शांत, हवा करडी, झरा तोच.

गाडी नसल्याने कुठे अडतंच का?

दोन ठिकाणी. मागच्या आबोंदांस खोऱ्यातल्या खेड्यांत बस जाते, पण रविवारी फेऱ्या फार कमी, त्यामुळे तिकडे आठवड्याच्या मधल्या दिवशीच जा. आणि ला ग्रांज ओ लाक या झाडीतल्या लाकडी सभागृहात रात्रीची मैफल ऐकायची असेल, तर परतीच्या टॅक्सीची वेळ दुपारीच सांगून ठेवा. मैफल संपेपर्यंत फ्युनिक्युलर झोपलेला असतो. पायात चांगले बूट असतील तर खाली काठापर्यंत चालतही येता येतं. रस्त्यावर दिवे आहेत आणि पलीकडे लोझानचेही दिसतात.